पहिली जुंपणी : स्लेजच्या पिल्लांविषयी वाचकांचे प्रश्न

अलास्कातील श्वानशर्यतींवरील, म्हणजे कुत्र्यांनी बर्फावरून स्लेज ही घसरगाडी ओढण्याच्या शर्यतींवरील, माझ्या मागच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे शर्यतीपेक्षा पिल्लांविषयी विचारणारी आहेत. मला त्याचे नवल वाटले नाही. पशुवैद्यकाचे शिक्षण संपवून फेअरबँक्सजवळच्या एका केनेलमध्ये, म्हणजे शर्यतीची कुत्री पाळून वाढवण्याच्या ठिकाणी, मदतनीस म्हणून मी दोन हिवाळे काढले, तेव्हा माझाही बहुतेक वेळ पिल्लांमागेच गेला होता. त्यांतील पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्याकडे खोंडाला औताला धरण्याआधी ओंडका ओढायला लावून सवय करतात. कुत्र्याच्या पिल्लाला स्लेज ओढायला कसे आणि कोणत्या वयात शिकवतात? (एक शेतकरी वाचक, जि. सांगली)

खोंडाची तुलना अगदी योग्य आहे, फक्त एका जागी ती उलटी लागू होते. खोंडाला ओढायला शिकवावे लागते. अलास्कन हस्कीच्या पिल्लाला ओढण्याची खोड उपजतच असते, आणि त्याला शिकवायचे असते ते थांबणे आणि दोर ताठ ठेवून निमूट वाट पाहणे. अलास्कन हस्की ही केनेल क्लबच्या, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत सापडणारी जात नव्हे. मूळ रहिवाशांच्या गावांतील कुत्री, सायबेरियन हस्की आणि पुढे मिसळलेले शिकारी जातींचे रक्त यांतून, रूपाकडे न पाहता केवळ कामावर नजर ठेवून निवडत आणलेले हे कुत्रे साधारण २० ते २५ किलो वजनाचे आणि कॅलेंडरवरच्या हस्कीपेक्षा बरेच सडसडीत असते.

शिक्षण डोळे उघडल्यावर थोड्याच आठवड्यांत सुरू होते, पण त्यात हार्नेस, म्हणजे ओढण्यासाठी अंगावर चढवायचा पट्ट्यांचा साज, कुठेच नसतो. पिल्लाचे पंजे रोज हातात घ्यायचे, बोटे फाकवून पाहायची, कान आणि तोंड उघडून पाहायचे, म्हणजे पुढे शर्यतीत अनोळखी पशुवैद्याने अंधारात पाय धरला तरी ते बिचकत नाही. तीन-चार महिन्यांची झाली की पिल्ले मोकळी सोडून जंगलात फिरायला न्यायची, सोबत एखादे वयस्क कुत्रे ठेवायचे, आणि ओढा किंवा आडवे पडलेले झाड लागले की आपण थांबून पिल्लांना त्यांची वाट त्यांनाच शोधू द्यायची. काही केनेल तुमच्या ओंडक्यासारखा लाकडाचा लहान तुकडा पिल्लामागे बांधतातही.

प्रत्यक्ष जुंपणी सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास होते. एका वेताच्या सर्व पिल्लांना एकाच विषयावरची नावे ठेवण्याची पद्धत तिकडे सर्रास आहे, आणि एका वेताचे बारसे माझ्याकडे आले तेव्हा मी सरळ मिसळणाचा डबा उघडला : जिरे, हिंग, मेथी आणि मोहरी. मोहरीला प्रथम जुंपले तो सप्टेंबर होता आणि बर्फाचा पत्ता नव्हता. तोवर कुत्री स्लेजऐवजी एटीव्ही ही रानवाटेवरची छोटी मोटारगाडी ओढतात, कारण जड गाडीला ब्रेक असतो आणि चालकाला वेग हातात ठेवता येतो. हार्नेस डोक्यातून घालताच मोहरीने त्याची कड चावून पाहिली. तिच्या शेजारी नऊ वर्षांची एक मुरलेली कुत्री उभी होती, जिने या प्रकाराकडे ढुंकूनही पाहिले नाही. गाडी हलली तशी मोहरी आधी बाजूला उडाली, मग दोरावरून पलीकडे गेली, मग मागे वळून आम्हालाच जाब विचारल्यासारखे पाहू लागली. दोनशे-एक पावलांनंतर तिने शेजारणीकडे पाहिले, मान खाली घातली, पाठ सरळ केली आणि तिच्या कमरेमागचा दोर सुतासारखा ताठ झाला. दोन किलोमीटरवर आम्ही थांबलो तेव्हा ती जागच्या जागी उड्या मारत, पुढे चला म्हणून भुंकत होती. नेमके तिथेच तिला सोडले.

पिल्लाला भुंकत असतानाच सोडायचे, हा त्या केनेलचा नियम होता आणि तो मी एकदाच मोडला. फेब्रुवारीत हवा सुरेख होती, पिल्ले रंगात होती, म्हणून ठरलेल्या फेरीला मी आणखी एक वळसा जोडला. शेवटच्या चढावर हिंग खाली बसला. त्याला दुखापत झालेली नव्हती, तो फक्त दमला होता, पण दुसऱ्या दिवशी हार्नेस दिसताच तो आपल्या लाकडी घरकुलात मागे जाऊन बसला, आणि त्याची धास्ती घालवायला मला तीन आठवडे लागले.

याउलट एक गोष्ट तिकडे सर्वांच्या तोंडी असते, ती टोगोची. लिओनहार्ड सेप्पाला या नॉर्वेत जन्मलेल्या मशरचे, म्हणजे स्लेज हाकणाऱ्याचे, हे पिल्लू आठ महिन्यांचे असताना इतका उच्छाद मांडत होते, की त्याला आवरण्यासाठी हार्नेस चढवला गेला आणि त्याने पहिल्याच दिवशी सुमारे १२० किलोमीटर मजल मारली, असे सांगतात. १९२५ साली घटसर्पाची साथ आलेल्या अलास्कातील नोम गावी त्यावरचे प्रतिविष (सीरम) पोहोचवताना हाच टोगो, वयाच्या बाराव्या वर्षी, सर्वांत लांब टप्प्यात अग्रभागी होता. पण टोगो हा अपवाद होता. वर्षभराचे होईपर्यंत कुत्र्याच्या हाडांची वाढीची टोके पुरती जुळलेली नसतात, आणि ज्या पिल्लांना टोगो समजून पळवले गेले त्यांच्या कहाण्या कोणी सांगत बसत नाही.

आज्ञांविषयीही तुम्ही विचारले आहे. बैलाला वेसण आणि कासरा असतो, इथे दोन्ही नाहीत, केवळ आवाज आहे. ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे आणि ‘व्हो’ म्हणजे थांब. शाहिराच्या मागचे झीलकरी तिथे उभे केले, तर सगळी कुत्री उजवीकडे वळून रानात जातील. हे शब्द पिल्लाला वेगळे बसवून शिकवत नाहीत. ते चमूच्या अग्रभागी असलेल्या जाणत्या कुत्र्याच्या शेजारी धावता धावता उचलते, आणि एखादे पिल्लू शेजाऱ्याच्या आधी वळू लागले की मालकाच्या चेहऱ्यावर येणारे हसू लपत नाही.

प्रश्न : तरुण कुत्र्यांची ‘पपी टीम’ शर्यतीत जिंकण्यासाठी उतरवत नाहीत, असे आपण लिहिले होते. मग तिला शर्यतीत उतरवायचे तरी कशाला? (निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी)

कारण घरी शिकवता न येणाऱ्या गोष्टी शर्यतीतच शिकता येतात. घरचा मार्ग, घरचे गवत, घरची माणसे असताना कोणतेही कुत्रे खाते आणि झोपते. शर्यतीच्या विश्रांतिस्थळी मात्र शेजारी चाळीस अनोळखी कुत्री ओरडत असतात, डोक्यावरून विमान जाते, कोणी चुलीवर भांडे आपटतो, आणि अशा गोंगाटात चार मुठी पेंढ्यावर अंगाचे मुटकुळे करून दहा मिनिटांत झोपी जाणे ही एक कला आहे. नवखे कुत्रे पहिल्या रात्री झोपतच नाही. ते उभे राहून सगळ्यांकडे पाहत बसते आणि पहाटे त्याची किंमत मोजते. दुसऱ्या चमूला ओलांडताना त्यांच्याकडे न पाहता सरळ जाणे, गोठलेल्या नदीवर पायाखालचा बर्फ करकरला तरी न थबकणे, भूक नसतानाही समोर आलेले खाणे, हे सगळे याच शाळेत येते.

‘पपी’ या शब्दाने फसू नका. ही कुत्री बहुतेक दोन वर्षांच्या आसपासची असतात आणि निकालपत्रकात त्यांचा वेगळा गट नसतो. इडिटारॉड ही अँकरेज ते नोम अशी सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत १९७३ पासून होते. तिचा पहिला विजेता सुमारे वीस दिवसांनी नोमला पोहोचला होता, तर २०१७ साली, शर्यत फेअरबँक्सहून निघाली तेव्हा, मिच सीव्हीने ८ दिवस ३ तासांत ती पूर्ण केली. या वेगामागे दौड लांबवणे आणि विश्रांती कातरणे यांचा काटेकोर हिशेब असतो, आणि तो हिशेब पेलायला मुरलेली कुत्री लागतात. म्हणून मोठे केनेल आपला मुख्य चमू एका मशरकडे आणि तरुण चमू दुसऱ्याकडे, पुष्कळदा मदतनिसाकडे, सोपवतात. तरुण चमूला पाच-सहा तास धावले की साधारण तितकीच विश्रांती देतात. एक २४ तासांचा आणि दोन ८ तासांचे थांबे सर्वांनाच सक्तीचे असतात, पण पपी टीमचा मशर त्यांच्या पलीकडे जाऊन वेळ खुशाल वाया घालवतो. नियमानुसार शेवटी किमान पाच कुत्री दोरात असली तरी चालते. तरुण चमूच्या मालकाला मात्र किती कुत्री शेपटी हलवत नोमच्या रस्त्यावर आली, एवढीच मोजणी हवी असते. ज्याला पहिल्या वर्षी एकही वाईट दिवस आठवत नाही, ते कुत्रे चौथ्या-पाचव्या वर्षी वादळात चमू पुढे नेते.

त्याआधी कॉपर बेसिन ३०० आणि बेथेल गावची कुस्कोक्विम ३०० अशा सुमारे ४८० किलोमीटरच्या शर्यती असतात, आणि नवख्या मशरलाही इडिटारॉडपूर्वी अशा शर्यती पुऱ्या कराव्याच लागतात. कमी पल्ल्याच्या वेगवान शर्यतींचे जग निराळे आहे. फेअरबँक्सची ओपन नॉर्थ अमेरिकन ही त्या प्रकारातली मानाची शर्यत १९४६ पासून चालत आली आहे, आणि हुस्लिया या कोयुकॉन गावच्या जॉर्ज अॅटला यांनी ती आठ वेळा जिंकली. क्षयाने लहानपणीच एक गुडघा ताठ झालेला हा माणूस कुत्र्यांच्या शिक्षणात तिकडे आजही प्रमाण मानला जातो.

प्रश्न : एवढ्या थंडीत ही कुत्री खातात काय? आणि पायांत मोजे घालतात हे खरे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर)

लांब शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला सुमारे १०,००० किलोकॅलरी लागतात, म्हणजे तुमच्यासारख्या चार-पाच तरुणांचे जेवण. त्यातला मोठा वाटा चरबीचा असतो. मांस, सामन मासा, चरबी आणि कोरडे श्वानखाद्य गरम पाण्यात कालवून आमटीसारखे पातळ करून देतात, कारण थंडीत कुत्रे नुसते पाणी पुरेसे पीत नाही.

मोजे अगदी खरे. जाड नायलॉनच्या कापडाचे, मनगटाशी वेल्क्रोने आवळायचे. चौदा कुत्र्यांचे छप्पन्न पाय, आणि उणे तीस अंशांत हे काम हातमोजे काढूनच करावे लागते. पट्टी सैल राहिली तर मोजा वाटेत गळतो, घट्ट झाली तर पाय सुजतो. पहिल्या महिन्यात माझ्या बोटांना हे प्रमाण कळले नाही, दुसऱ्या महिन्यात बोटेच कळेनाशी झाली.

प्रश्न : हा सरळसरळ छळ नाही का? शर्यतींत कुत्री मरतात असे वाचले आहे. (ठाणे येथून दोन वाचक)

मरतात, हे खरे आहे. २०२४ च्या इडिटारॉडमध्येच तीन कुत्री मेली, आणि प्राणिहक्क संघटना अनेक वर्षे या शर्यतीच्या विरोधात उभ्या आहेत. शर्यतीपूर्वी प्रत्येक कुत्र्याची रक्ततपासणी आणि हृदयालेख होतो, वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य असतात, लंगडणारे किंवा मरगळलेले कुत्रे तिथेच उतरवून विमानाने परत पाठवतात. तरीही श्रमांच्या त्या टोकाला धोका शून्य होत नाही, आणि तो शून्य आहे असे सांगणाऱ्या मशरवर मी विश्वास ठेवणार नाही.

मात्र ‘मारून पळवतात’ हा समज मला पटत नाही, आणि याचे कारण भावनिक नाही. मशर सर्वांत मागे उभा असतो आणि पुढचे कुत्रे त्याच्यापासून पंधरा-वीस मीटर दूर असते. चौदा कुत्र्यांनी एकदा बसायचे ठरवले, तर त्या निर्जन नदीवर त्यांना उठवण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नसते. माझा खरा आक्षेप दुसऱ्या बाजूला आहे. शर्यतीचे दहा दिवस सगळे जग पाहते, केनेलमधले उरलेले साडेतीनशे दिवस कोणी पाहत नाही. साखळीची लांबी, उन्हाळ्यातला व्यायाम, चमूत न बसलेल्या दोन वर्षांच्या कुत्र्याचे पुढे काय होते, म्हातारे कुत्रे कोणाच्या घरी जाते, हे प्रश्न विचारायला हवेत. मी जिथे राहिले तिथे चमूत न बसलेली कुत्री गावातल्या कुटुंबांकडे जात आणि म्हातारी शेवटपर्यंत चुलीजवळ झोपत. सगळीकडे तसे असते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे नऊ महिन्यांची सायबेरियन हस्की आहे. ती फिरताना फार ओढते. तिच्यासाठी चाकांची छोटी ट्रॉली करून घ्यावी असा विचार आहे. आपला सल्ला? (पुणे)

करून घेऊ नका. ती ओढते यात तिचा दोष नाही, हे वरच्या उत्तरांवरून लक्षात आले असेल. पण अलास्कात पारा दहा अंशांच्या वर गेला की अनुभवी मशर गाडी जुंपतच नाहीत, कारण ओढणाऱ्या कुत्र्याच्या अंगात उष्णता फार वेगाने साठते, आणि पुण्यात दहा अंश म्हणजे जानेवारीतली एखादी पहाट. शिवाय नऊ महिन्यांच्या सांध्यांना डांबरी रस्ता आणि ओझे ही जोडी मुळीच मानवत नाही. गळ्यातला पट्टा काढून छातीवर बसणारा रुंद पट्टा घ्या. उजाडण्यापूर्वी तिला मातीच्या वाटेवर फिरवा, टेकडी जवळ असेल तर उत्तम. ओढ लागली की आपण नुसते उभे राहा आणि दोर सैल झाला की चाला. दिवसा तिच्या डोक्याला काम द्या : खाणे वाडग्यात न देता घरभर लपवून वास काढायला लावा. मार्च ते जून तिला थंड फरशी आणि पंखा मिळेल अशी व्यवस्था ठेवा आणि अंगावरचे केस उन्हाळा म्हणून भादरू नका, कारण उन्हापासून त्वचेला आडोसा तेच देतात. ट्रॉलीचा इसार दिला असेल, तर तो परत मागण्यास हरकत नाही.