पक्षी पाहायला हिमालयात जायचं दर वेळी मोडतं. पुन्हा ठरवावं की सोडून द्यावं?

तुम्ही लिहिलंय की उत्तराखंडातल्या कुमाऊं भागातल्या, नैनितालजवळच्या सातताल-पंगोटचा बेत दोनदा मोडला, आता घरात विषय काढायलाही संकोच वाटतो, आणि पुन्हा ठरवावं की नाद सोडावा हे कळत नाही. ठरवा. फक्त मोडलेलाच बेत जसाच्या तसा पुन्हा मांडू नका.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात हायस्कुलात शिकवते. आमचं मूळ स्वप्न कुमाऊंचं नव्हतंच, ईगलनेस्टचं होतं. अरुणाचलातल्या पश्चिम कामेंग जिल्ह्यातलं हे अभयारण्य म्हणजे पक्षीवेड्यांची पंढरी. बुगुन लिओसिकला हा पक्षी तिथलाच. २००६ साली रमणा अथ्रेया यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. ते पेशाने खगोलशास्त्रज्ञ, हे मला फार आवडतं. जायचं ठरलं होतं एप्रिल २०२० मध्ये, मैत्रिणींच्या ग्रुपबरोबर. पुढचं सांगायला नको. मार्चअखेर देशच बंद झाला. ज्याच्याकडे आगाऊ रक्कम भरली होती त्याने आधी ‘पुढच्या वर्षी वापरा’ असं पत्र दिलं आणि मग फोन उचलणं सोडलं. त्यानंतर ग्रुपमधल्या एकीची बदली झाली, एकीच्या घरात आजारपण आलं, आमच्या घराच्या छपराचं काम निघालं. साठवलेले पैसे कौलांत गेले.

ईगलनेस्टच्या बेतात प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला बांधलेली होती. इनर लाइन परमिट म्हणजे अरुणाचलात शिरायचा परवाना, गुवाहाटीपासूनची गाडी, कॅम्पमधला मुक्काम, स्वयंपाकी, आणि हा खर्च परवडावा म्हणून पुरेशी माणसं. एक माणूस गळालं की बाकीच्यांचा वाटा वाढतो, वाटा वाढला की दुसरं गळतं. म्हणून पुढच्या खेपेला मी जागा बदलली. कुमाऊंला परमिट लागत नाही, काठगोदामपर्यंत रेल्वे, आणि दोघंजणसुद्धा होमस्टेत राहून पक्षी पाहू शकतात. ईगलनेस्ट राहिलं याची रुखरुख आहेच, ती काही जात नाही.

मग २०२५. परीक्षा मार्चमध्येच आटोपणार म्हटल्यावर एप्रिल मोकळा मिळेल असा माझा हिशेब होता. पण गोव्यात ७ एप्रिलपासून सहावी ते दहावीचं नवं शैक्षणिक वर्षच सुरू झालं. बेत मेवर ढकलला, तर २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला आणि मेच्या पहिल्या आठवड्यानंतर टीव्हीवर भारत-पाकिस्तान संघर्षाशिवाय दुसरं काही दिसेना. कुमाऊं काश्मीरपासून कितीतरी लांब आहे, पण हे सासूबाईंना समजावणार कोण? त्यांच्या लेखी डोंगर म्हणजे डोंगर. मी तिकिटं रद्द केली आणि चार दिवस कोणाशी धड बोलले नाही.

मन कसं सावरलं असं तुम्ही विचारलंय. खरं सांगायचं तर समजुतीच्या गोष्टींनी काही सावरलं नाही, पक्ष्यांनीच सावरलं. मधल्या वर्षांत एक गोष्ट नीट लक्षात आली होती. हिमालयातले कितीतरी पक्षी हिवाळ्यात आपल्याकडेच उतरतात. डिसेंबरात गोव्यातल्या बोंडल्याच्या किंवा मोल्याच्या अभयारण्यात जा. ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश दिसेल, तो उन्हाळ्यात हिमालयात घरटं करतो. व्हर्डिटर फ्लायकॅचर, वेस्टर्न क्राउन्ड वॉर्बलर, ओढ्यातल्या दगडांवर शेपटी हलवत फिरणारा करडा धोबी, हे सगळे उत्तरेकडून आलेले. चोर्ला घाट माझ्या घरापासून जवळ, त्यामुळे हिवाळ्यातले रविवार तिथेच जात. तिकडचे पक्षी आधी इथे ओळखायला शिकले. हिवाळ्यात ते फारसे गात नाहीत, नुसते टिक-टिक करतात, म्हणून आवाजापेक्षा ठेवण, पंखांवरचे पट्टे, बसायची उंची याकडे लक्ष द्यायची सवय लागली. ही सवय पुढे साततालला नाही तर कुठे उपयोगी पडणार! तुम्ही तर फोंड्याचे, बोंडला तुमच्या दारात आहे. बेत मोडला म्हणून दुर्बीण कपाटात टाकली असेल तर आधी ती बाहेर काढा.

शेवटी आम्ही दिवाळीच्या सुटीत गेलो. इथे एक सौदा आहे, तो समजून घ्या. एप्रिल-मेमध्ये तिकडे पक्षी गातात, जोड्या जमवतात, घरटी बांधतात, पिसांचा रंग ऐन भरात असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाणं नाही, आणि वर सांगितलेले बहुतेक पाहुणे तोवर दक्षिणेकडे निघून गेलेले. मी वर चढत होते तेव्हा ते माझ्या गावाकडे उतरत होते, असंच म्हणायचं. पण पावसानंतरची हवा स्वच्छ असते, बर्फाची शिखरं दिसतात, आणि थंडी वाढू लागली की उंचावरचे स्थानिक पक्षी खालच्या दऱ्यांत येतात. आम्हाला कालिज हा रानकोंबडीच्या कुळातला पक्षी मिळाला, स्पॉटेड फोर्कटेल मिळाला, खडकावर बसलेला प्लम्बियस रेडस्टार्ट मिळाला, आणि लाफिंगथ्रशांचे कळप तर इतके की त्यांच्या कलकलाटाने दुसरं काही ऐकू येईना. त्याच कुळातला कोकलास नुसता ऐकला. त्यांचाच रंगीत भाऊबंद मोनाल नाही मिळाला, त्यासाठी चोपता किंवा मुनस्यारीसारख्या उंच ठिकाणी जावं लागतं, तेवढी सुटी नव्हती. गाणं ऐकायचंय की फक्त पाहायचंय, हे आधी स्वतःशी ठरवा, तारीख त्यावरून निघते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नैनिताल जिल्ह्याचे आठवडावार आलेख आहेत. तुमच्या मनातले चार पक्षी तुमच्या सुटीच्या आठवड्यात तिथे असतात का, ते तिथेच बघा. मी यादी लहान केली तेव्हाच बेत आटोक्यात आला.

घरच्यांचं म्हणाल तर आम्ही सासूबाईंनाच सोबत घेतलं. त्यांना कैंची धामला, नीम करोली बाबांच्या आश्रमात, जायचं होतं, ते भवालीपासून जवळच. सातताल साधारण १,३७० मीटरवर, पंगोट दोन हजारांच्या आसपास, त्यामुळे विरळ हवेचा त्रास होत नाही. तो सहसा अडीच हजारांच्या वर सुरू होतो. तरी बीपी असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या. आम्ही पहाटे जंगलात, आणि सासूबाई होमस्टेच्या अंगणात ऊन खात बसलेल्या. रेड-बिल्ड ब्लू मॅगपायची ती लांबलचक शेपटी आमच्याआधी त्यांनीच पाहिली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ऐकवली. नुस्त्यावाचून, म्हणजे मासळीवाचून, कसं होईल ही त्यांची काळजी होती, पण श्रावण पाळणाऱ्या माणसाला पहाडातली डाळ-भाजी जड जात नाही. गरम कपड्यांचा प्रश्न मात्र खरा. गोव्यात स्वेटर असतो कोणाकडे? निम्मे उसने घेतले.

पैशांची एकच खबरदारी सांगते, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप तिथे होतो. जे परत मिळतं ते आधी बुक करा, जे परत मिळत नाही ते शेवटी. रेल्वेचं पक्कं तिकीट वेळेत रद्द केलं तर थोडेच पैसे कापले जातात. होमस्टेवाल्याशी थेट फोनवर बोला, कमीत कमी आगाऊ रक्कम भरा, आणि ‘तारीख पुढे गेली तर हीच रक्कम चालेल ना?’ याचं उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. विमान मी टाळलं. गोवा एक्सप्रेस वास्कोहून मडगाव, कुळे, दूधसागरावरून बेळगाव-पुण्याकडे जाते आणि दोन रात्रींनी दिल्लीत निझामुद्दीनला पोचते. तिथून जुन्या दिल्लीला जाऊन काठगोदामची रात्रीची गाडी धरायची. दमायला होतं, पण अचानक काही आडवं आलं तर नुकसान सोसवतं.

आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवसांवर आलंय. याचा आपल्यासारख्यांना फायदाच आहे, इतक्या जवळची तारीख घरच्यांच्या तब्येती आणि शाळेचं वेळापत्रक पाहून ठरवता येते. तुम्हाला गाणं ऐकायला मेमध्येच जायचं असेल आणि ५ मेला निघायचं असेल, तर आरक्षण ६ मार्चला सकाळी ८ वाजता उघडेल. होमस्टेला मात्र फोन आताच करून ठेवा. मेमध्ये दिल्लीकरांची नैनितालकडे रीघ लागते आणि पंगोटला खोल्या मोजक्याच आहेत.