सामंजस्य करारांची फाईल कपाटात ठेव

सांगली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या उद्योग-समन्वय कक्षाची जबाबदारी घेतो आहेस. पहिल्याच आठवड्यात सामंजस्य करारांची जाडजूड फाईल समोर येईल. नॅकला, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, ती लागते, म्हणून जपून कपाटात ठेव आणि कुपवाडच्या एमआयडीसीत जा. एका कारखानदाराची एक अडचण, ती सोडवू शकणारा एक प्राध्यापक, ठरलेली तारीख आणि ठरलेली रक्कम एवढं एका पानावर आलं, तरच काम उभं राहिलं असं समज. बाकी सगळं सह्या आणि फोटो.

"आमच्याकडून काय हवं?" असं कारखान्यात विचारलंस तर "ट्रेनी पाठवा" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा गेल्या महिन्यात कोणता माल परत आला, किती कास्टिंग (ओतीव भाग) रिजेक्ट झाली आणि कुठल्या दोषाने, त्यावर आतापर्यंत काय करून पाहिलं, हे विचार. बोलणं केबिनमध्ये नको, शॉपफ्लोअरवर कर, आणि सुपरवायझरला सोबत घे. साच्याची वाळू कधी ओली येते, ब्लोहोल (ओतकामात वायूमुळे पडणारी छिद्रं) कुठल्या पाळीत वाढतात, हे त्याच्याकडूनच कळतं.

आपल्या जिल्ह्यात खरा घोळ होतो तो वेळापत्रकाचा. बेदाण्याचा हंगाम ढोबळमानाने फेब्रुवारी ते एप्रिल. विद्यार्थ्यांचे प्रकल्प सुरू होतात जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा बेदाणा सुकवायची शेड रिकामी. मग मुलं बाजारातला तयार बेदाणा आणून प्रयोग करतात, अहवाल छान होतो आणि बागायतदाराला त्याचा काडीचा उपयोग नसतो. म्हणून मार्चमध्येच तासगावच्या शेडवर जा. "रंग एकसारखा येत नाही," असं कानावर येईल. ती झाली तक्रार, तिच्यातून प्रश्न काढायचा आहे. रंग बिघडतो तो वरच्या थरात की खालच्या? ढगाळ हवा किती दिवस होती? द्राक्षं सुकवण्याआधी ज्यात बुडवतात त्या द्रावणात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल किती घातलं? १०० लिटर पाण्याला साधारण २.५ किलो आणि १.५ लिटर हे प्रमाण असतं. तिथे प्रत्यक्षात किती पडतं आणि एकच द्रावण किती माल बुडवेपर्यंत वापरतात ते बघ. किलोमागे दर किती उतरला, हेही लिहून घे, कारण कामाची किंमत त्यावरूनच ठरते.

मग कागदावर प्रश्न असा उतरतो: 'एका शेडच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरावर तापमान व आर्द्रता दर १५ मिनिटांनी नोंदवणे, प्रत्येक थरातल्या बेदाण्याचा ओलावा व रंग मोजणे, ३० एप्रिलपर्यंत अहवाल देणे.' जुलै ते डिसेंबर उपकरणं तयार करून तपासायची, चाचणी पुढच्या हंगामात. त्या वेळी मुलं शेवटच्या सत्रात आणि परीक्षांत अडकलेली असतात. त्यामुळे शेडवर सेन्सर सांभाळायला प्रकल्प सहायकाचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धर.

हळदीत घात होतो तो नमुन्यापाशी. हळकुंडं आणि गड्डे एकत्र उचलले, तर एकाच लॉटचा कर्क्युमिनचा (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचा) आकडा दोनदा जुळत नाही. व्यापारी म्हणतो, यांची प्रयोगशाळाच कच्ची. नमुना कुणी, कधी, किती पोत्यांतून घेतला याची नोंद अहवालाला जोडायचीच. आपल्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनची मुदतही संपलेली नाही ना, बघून ठेव.

पैशाचं बोलणं पहिल्या भेटीनंतर लांबवू नको. कोटेशनमध्ये शुल्क आणि १८ टक्के जीएसटी वेगळे दाखव. कंपनी टीडीएस (आधीच कापला जाणारा प्राप्तिकर) कापून रक्कम पाठवेल, हे लेखा विभागाला आधी सांग, नाहीतर रक्कम जुळत नाही म्हणून पावती अडकते. निम्मी रक्कम आगाऊ घे. प्राध्यापक, तंत्रज्ञ आणि विद्यापीठ यांचा वाटा काम सुरू होण्याआधी लेखी ठरव. छोट्या कामाची फाईल कुलगुरूंच्या सहीसाठी महिनाभर पडून राहिली, तर कुपवाडचा मालक दुसरीकडे जातो. म्हणून ठरावीक रकमेपर्यंत सहीचा अधिकार विभागप्रमुखांना मिळावा, असा ठराव आल्या आल्या मांड. या पदावर तुझ्या हातून होणारं हे सर्वांत टिकाऊ काम ठरेल.

पेटंटबाबत क्रम चुकवू नको. आधी अर्ज, मग शोधनिबंध. प्रकल्प प्रदर्शनातला पोस्टरही प्रकाशनच धरला जाऊ शकतो. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज केला की पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे, तेव्हा खर्चाचं कारण पुढे करू देऊ नको. विद्यार्थी नोकर नसतो, म्हणून हक्क-हस्तांतरणावर त्याची सही प्रकल्पाच्या सुरुवातीलाच घे. पदवी घेऊन तो पुण्याला गेला, की त्या सहीमागे फिरावं लागतं. कंपनीला निबंध वाचायला ३० दिवस द्यायचे आणि तेवढ्यात हरकत आली नाही तर प्रकाशन मोकळं, असं कलम करारात घाल.

ज्ञान उद्योगाकडूनही विद्यापीठात येऊ दे. यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीची अट न घालता 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नेमता येतं. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत ही मुभा आहे. किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना चालू असलेल्या या जिल्ह्यात अशी माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही.

अहवाल दिल्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा त्याच कारखान्यात जा आणि त्यातलं काय वापरलं, काय नाही आणि का, ते विचार. पुढचं काम बहुधा त्या 'का'मधूनच निघतं. जाताना त्या प्राध्यापकालाही सोबत ने.

कळावे,
तुझा हितचिंतक