हृदयाचे ठोके उतरवायचे तर आकड्यामागे धावू नका

नाडी मोजा, पण तिच्याकडे टक लावून बसू नका. मीही कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून डोळे मिटायचो आणि दर मिनिटाला एक डोळा उघडायचो. नाडी ८८ दिसली की धसका, धसक्याने ९४! दटावून तो आकडा खाली येत नाही.

त्यापेक्षा गंमत बघा. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना उतरतात, कारण तेव्हा व्हेगस नर्व्हचा, म्हणजे ठोके मंदावणाऱ्या मज्जातंतूचा, लगाम जास्त ओढला जातो. म्हणून चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. छाती फुगवू नका, पोट हलू द्या. गरगरलं तर समजा, जोर जास्त लागतोय. सोडताना भ्रामरीसारखा गुंजारव केला की उच्छ्वास आपोआप लांबतो. मला तरी तेच जमलं. दहा मिनिटं पुरेत. ऑक्सिमीटर फक्त सुरुवातीला आणि शेवटी. बोटं गार असतील तर तो भलतंच दाखवतो, आधी तळवे चोळा.

चहा पिऊन लगेच बसू नका. स्वस्थ असतानाही ठोके सतत १००च्या वर असतील किंवा मधेच चुकत असतील, तर आधी डॉक्टर गाठा. थायरॉईड किंवा ॲनिमियानेही नाडी पळते. आणि चालू गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.