नोंदीला एकच धनी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी विश्रामबागेतल्या आमच्या घरी तू तो घडी घातलेला आराखडा उलगडलास आणि मी चहाचे निमित्त करून विषय बदलला, त्याची रुखरुख लागली म्हणून लिहितो आहे. मनुष्यबळ आणि आयटी हे दोन्ही विभाग एका प्रमुखाखाली आणावेत का, हा तुझा पेच. मॉडर्ना या अमेरिकी लसकंपनीने ते एकाच अधिकाऱ्याकडे सोपवले, हे खरे. पण चौकटी हलवून तुझ्या कंपनीचे दुखणे जाणार नाही. माणसाच्या नोंदीला एकच धनी असावा आणि तो मनुष्यबळ विभाग असावा. आयटीने त्या नोंदीप्रमाणे संगणकयंत्रणांची दारे उघडावीत आणि लावावीत.

आयटीचा प्रमुख असताना मी कर्मचाऱ्यांची वेगळी यादी हट्टाने सांभाळली होती. एक सहकारी अचानक वारला. मनुष्यबळाकडे त्याच दिवशी नोंद झाली, माझ्या यादीत मात्र तो कामावरच होता, आणि लॅपटॉप बदलून घेण्याची मुदत संपल्याची पत्रे यंत्रणेने त्याच्या घरी दोनदा धाडली. दुसऱ्या पत्रानंतर त्याची पत्नी लॅपटॉप पिशवीत घालून स्वतः कचेरीत आली. एरवी मनुष्यबळाची यादी पगाराच्या तोंडावरच दुरुस्त होई, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी संगणकावरचे खाते नको का? माझे कारण खोटे नव्हते. पण दुसरी यादी काढण्याऐवजी पहिली रोजच्या रोज दुरुस्त व्हावी म्हणून मी भांडायला हवे होते. संस्थेतली माणसे आपापसांत जशी बोलतात तसाच तिच्या यंत्रणांचा घाट होतो, हे मेल्विन कॉनवे या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्येच मांडले होते. आम्ही बोलत नव्हतो, म्हणून याद्या दोन.

माझे वडील माधवनगरच्या एका गिरणीत टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या कचेरीत, होते. कोणत्याही खात्याला माणूस हवा असो, टोकन नंबर निघायचा तो त्यांच्याच टेबलावरून, आणि गैरहजर माणसाच्या जागी येणारा बदली कामगारही त्याला अपवाद नसे. तुमच्याकडे नेमके इथेच घोडे अडते. कंत्राटी माणूस पगारपत्रकावर नाही म्हणून मनुष्यबळ त्याला आपला मानत नाही, त्याचे नाव खरेदी विभागाच्या कुठल्याशा तक्त्यात राहते, आणि कंत्राट संपून महिने लोटले तरी त्याचे खाते चालू असते. धनी एकच, म्हणजे कंत्राटी माणसाचाही तोच. हे तुला पुन्हा पुन्हा सांगावे लागू नये.

अंतर्गत बदलीचे तर कोणी नावच घेत नाही. नवे अधिकार लगेच मिळतात, जुने काढायचे राहून जातात, आणि दहा वर्षे टिकलेल्या माणसाच्या हाती निम्म्या कंपनीच्या किल्ल्या जमतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आल्यावर तरी हा ढिसाळपणा परवडणारा नाही.

पुढच्या रविवारी आराखडा आणू नकोस. गेल्या तिमाहीत सोडून गेलेल्या प्रत्येक कंत्राटी माणसाचे खाते किती दिवसांनी बंद झाले, तेवढे आकडे काढून आण. नावे नकोत, ती मला दाखवण्याचा अधिकार तुला नाही.