ऑपरेशन नेमकं कशासाठी?

"मॅडम, ऑपरेशन केलं की हिला उजेड सहन होईल ना?" अल्बिनिझम म्हणजे त्वचा, केस आणि डोळ्यांत जन्मतःच रंगद्रव्य कमी असणं. अशा मुलांच्या पालकांकडून समुपदेशक म्हणून मी हा प्रश्न सतत ऐकते. नववीतल्या एका मुलीचे वडील तर त्यासाठी जमीन विकायला निघाले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आधी माहिती स्वच्छ हवी. बुबुळात, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात, रंगद्रव्य कमी असल्यामुळे उजेड अडत नाही, थेट आत घुसतो. सिलिकॉनचं कृत्रिम बुबुळ बसवता येतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्ये त्याला मान्यता देताना अल्बिनिझममधले बुबुळाचे दोषही त्यात धरले. त्याने अनेकांचा त्रास कमी होतो. पण ते बहुधा मोतीबिंदू झालेल्या किंवा भिंग काढलेल्या डोळ्यात बसवतात. मुलांचं निरोगी भिंग त्यासाठी काढलं, तर जवळचं-लांबचं जुळवून पाहण्याची ताकद जाते, आणि काचबिंदूचा धोकाही असतो. नजरेचं म्हणाल तर दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा, मध्यभाग जन्मतःच पुरता घडलेला नसतो. तो कुठल्याही ऑपरेशनने घडत नाही.

वडिलांना हे पटलं, तरी हट्ट सुटेना. तेव्हा मी मुलीलाच विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कुठे होतो?"

"लग्नात."

"हॉलमध्ये कसलं आलंय ऊन?" वडील म्हणाले.

"व्हिडिओवाल्याचा लाइट असतो ना. आणि तुम्ही गॉगल काढायला लावता. फोटोत बरं दिसत नाही म्हणून."

आईने पदर डोळ्यांना लावला. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहावं, या मताची मी आहे. बऱ्याच वेळाने वडील म्हणाले, "म्हणजे ऑपरेशन आम्हाला हवंय."

हे त्यांचं त्यांना उमगलं, याचं मला आजही समाधान वाटतं. लोक बघणारच. पण त्यांनी बघितलं म्हणजे आपली मान खाली गेली, हे आपणच ठरवतो, आणि त्या समजुतीपायी मुलीच्या डोळ्यांवर सुरी चालवायला तयार होतो. आधी ती समजूत तपासावी, मग सर्जन गाठावा.

पालकांनो, गडद चष्मा आणि पुढे छज्जा असलेली टोपी मुलाला घरातही, समारंभातही बिनधास्त वापरू द्या. वर्गात खिडकीकडे पाठ आणि फळ्याजवळची जागा मागा. बुबुळाच्या जागी रंग भरलेल्या कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल नेत्रतज्ज्ञांना विचारा. नजर फार कमी असेल, तर अल्पदृष्टीचं दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का ते पाहा. त्यात कमीपणा नाही.

ऑपरेशनचा निर्णय मुलगी सज्ञान झाल्यावर तिचा तीच घेईल, असं घरात ठरलंय. शाळेच्या प्रार्थनेला टोपी घालू द्यावी, असा अर्ज वडिलांनी स्वतः लिहून दिला.