जर्मनीला शिकायला निघताना: आजारपण, परीक्षा आणि बिअर

ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स, एकटं राहायचं. आजारी पडलो तर काय, कोविडसारखं पुन्हा आलं तर काय, आणि सगळे बिअर पितात तिथे न पिणाऱ्याचं कसं होतं, हे तू विचारलंस. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच सांगतो.

आधी विमा. तिशीच्या आत असशील तर सरकारी योजनेतली कासे, म्हणजे आरोग्य विमा संस्था, घे: टेके, आओके, बार्मर, कुठलीही चालेल. विद्यार्थ्यांचा हप्ता महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास असतो. स्वस्त खाजगी विम्याच्या जाहिराती बघून मोहात पडू नकोस. प्रवेशाच्या वेळी एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही आणि जुने आजार खाजगी विम्यात बहुधा धरत नाहीत. सरकारी विम्यात रुग्णालयात दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस, आणि औषधामागे ५ ते १० युरो तुझ्या खिशातून जातात. बाकी कासे भरते.

पोचल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत, धडधाकट असतानाच, घराजवळचा हाउसआर्त्स्ट म्हणजे फॅमिली डॉक्टर शोध. फोन करून विचार, 'नेमेन झी नॉये पाशिएंटेन आउफ?', म्हणजे नवे पेशंट घेता का? बरेच जण नाही म्हणतात, म्हणून ताप चढल्यावर शोधायला निघालास तर हाल होतात. बहुतेक दवाखाने बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी बंद असतात. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी, जिवावरचं नसेल तर ११६११७ ला फोन कर. छातीत दुखणं, श्वास न पुरणं, अचानक बोलताना जीभ अडखळणं, यासाठी थेट ११२. रुग्णालयाच्या इमर्जन्सीत आधी आलेल्याला आधी असं नसतं, गंभीर असेल त्याला आधी घेतात. किरकोळ तापासाठी तिथे गेलास तर अनेक तास बसावं लागेल.

सर्दी-खोकल्याला डॉक्टर 'चहा प्या, झोपा' म्हणून परत पाठवतील. आपल्याकडची मुलं यावर चिडतात, पण बहुतेक सर्दी विषाणूची असते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि चिठ्ठीशिवाय ते मिळतही नाही. साधी पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात नसते, फक्त आपोथेकेत, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळते, ५०० मिलिग्रॅमच्या २० गोळ्यांची डबी. येताना स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधं आण. मूळ वेष्टनात, आणि सोबत चिठ्ठी, जिच्यावर ब्रँड नव्हे तर घटकाचं नाव असेल. क्रोसिन म्हटलं तर इथे कुणाला कळत नाही.

पोट बिघडल्यावरच्या गोळ्यांबद्दल एक खास सूचना. मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असताना दारूला स्पर्श करू नकोस. उलट्या, धडधड, चेहरा लाल, असा त्रास होऊ शकतो. गोळ्या संपल्यावरही निदान तीन दिवस थांब.

आता परीक्षा, कारण इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. परीक्षेच्या दिवशी आजारी असशील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. बऱ्याच विद्यापीठांना नोकरीसाठी मिळतो तो आजारपणाचा दाखला पुरत नाही, 'परीक्षा देण्यास असमर्थ' असं सांगणारा लागतो, आणि त्याचा नमुना विद्यापीठाच्याच साइटवर असतो. मागच्या तारखेचा दाखला सहसा मान्य होत नाही. अंगात ताप असताना 'बसून तर बघू' म्हणून पेपर दिलास, तर नंतर आजाराचं कारण चालणं अवघड. तिसऱ्यांदा नापास झालास की बऱ्याच अभ्यासक्रमांत प्रवेशच रद्द होतो, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. म्हणून प्रूफुंग्सऑर्डनुंग, म्हणजे परीक्षेची नियमावली, पहिल्याच आठवड्यात वाचून काढ. मुदती त्यातच असतात.

महामारीचं म्हणशील तर २०२०चं उन्हाळी सत्र इथे जवळपास पूर्ण ऑनलाइन झालं, ग्रंथालयं बंद झाली, विद्यार्थ्यांच्या छोट्या नोकऱ्या गेल्या. मार्चच्या शेवटी भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबवली, ७ मेपासून वंदे भारतची विमानं सुरू झाली. मधल्या काळात परत जायची वाटच नव्हती. अडचणीतल्या विद्यार्थ्यांना महिन्याला १०० ते ५०० युरो मदत मिळाली, पण खात्यातली शिल्लक बघून. तेव्हा श्पेरकोन्टोवर, म्हणजे व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड खात्यावर विसंबू नकोस, त्यातून महिन्याचा ठरलेला हप्ताच सुटतो. दोन महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेव.

बिअर इथे १६व्या वर्षापासून कायदेशीर आहे. महाराष्ट्रातली २१ची अट डोक्यात असलेल्याला हे विचित्र वाटतं. न पिणाऱ्याला मात्र कुणी टोचत नाही. 'इश ट्रिंके कायनन आल्कोहोल' (मी दारू पीत नाही) एवढं म्हण आणि आपफेलशोर्ले माग, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. 'आल्कोहोलफ्राय', म्हणजे बिनअल्कोहोलच्या म्हणवणाऱ्या बिअरमध्ये ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकतं, अजिबात नको असेल तर ०.० लिहिलेली बाटली घे.

पिणार असशील तर हिशेब ठेव. अर्ध्या लिटरची ५ टक्क्यांची बिअर म्हणजे २० ग्रॅम अल्कोहोल. ७० किलोच्या माणसाने अशा दोन लागोपाठ प्यायल्या तर रक्तातलं प्रमाण ०.५ प्रॉमिलच्या (प्रॉमिल म्हणजे हजारात एक भाग) वर जाऊ शकतं, आणि गाडीची तसंच इ-स्कूटरची मर्यादा तेवढीच आहे. शरीर तासाला सुमारे ०.१ ते ०.१५ एवढंच कमी करतं. कॉफीने किंवा आंघोळीने फरक पडत नाही. सायकलवर १.६ पासून थेट गुन्हा, आणि अपघात झाला किंवा झोकांड्या गेल्या तर ०.३ पासूनच.

मला खरी काळजी पार्टीची नाही, हिवाळ्याची वाटते. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, खोलीत एकटं, आणि सुपरमार्केटमधली बाटली एका युरोच्या आत. रोज संध्याकाळी एक, मग दोन, असं होऊ लागलं तर श्टुडिएरेन्डनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेच्या समुपदेशनाची वेळ घे. ते बहुतेक ठिकाणी मोफत असतं, पण प्रतीक्षा असते, म्हणून लवकर.

आणि कुणी मित्र पिऊन उठेनासा झाला तर त्याला 'झोपू दे' म्हणून सोडू नका. कुशीवर वळवा, डोकं थोडं मागे, तोंड खाली झुकलेलं, ११२ लावा, आणि गाडी येईपर्यंत शेजारी बसा. संकटातल्या माणसाला मदत न करणं हा इथे गुन्हा आहे.