मोर्चाच्या आधीचं ऐक

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या आणि शांततेच्या चळवळींचा मौखिक इतिहास हा विषय तू घेतलास, याचा मनापासून आनंद झाला. पण तू पाठवलेल्या यादीत नुसते मोर्चे, भाषणं आणि अटका आहेत. त्यांची माहिती तुला जुन्या वर्तमानपत्रांतही मिळेल. माणसांच्या तोंडून ऐकायचं ते मोर्चाच्या आधीचं. कोणी कोणाला बोलावलं, कुठे जमले, कशावरून वाद झाला, भीती वाटली तेव्हा काय केलं. यातलं फार थोडं कागदावर उतरतं.

तू नागपूरची, तेव्हा चळवळीतल्या तरुणांना अहिंसेचे धडे देणारे अमेरिकन धर्मोपदेशक रेव्हरंड जेम्स लॉसन यांच्यापासूनच सुरुवात कर. कोरियाच्या युद्धाच्या वेळी लष्करभरतीला नकार दिला म्हणून ते तुरुंगात गेले. सुटल्यावर १९५३ साली मिशनरी म्हणून नागपूरला आले आणि १९५६ पर्यंत हिस्लॉप कॉलेजात राहिले. मुलांना खेळांचं प्रशिक्षण दिलं, गांधीजींचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी वाचली तीही नागपूरच्या वर्तमानपत्रात.

इथे मात्र जपून. 'अमेरिकेला अहिंसा नागपूरने शिकवली' असं लिहायचा मोह तुला होईल. लॉसन स्वतः आपली गोष्ट वेगळ्या ठिकाणाहून सुरू करतात. ओहायोतल्या मॅसिलन गावी, लहानपणी, एका गोऱ्या मुलाने वर्णावरून शिवी दिली तेव्हा त्यांनी त्याला थप्पड मारली. घरी येऊन आईला सांगितलं. आई चुलीपाशी स्वयंपाक करत होती. मागे वळूनही न पाहता तिने विचारलं, यातून काय चांगलं झालं, जिमी? हा प्रसंग त्यांनी आयुष्यभर अनेक मुलाखतींत सांगितला. नागपूर त्यांना मोलाचं होतं, यात शंकाच नाही. पण नागपूरला येण्याआधीच त्यांनी युद्ध नाकारलं होतं, तुरुंग भोगला होता. आपल्या अभिमानाला सोयीचं तेवढंच उचललंस तर ती आई तुझ्या प्रबंधातून गळून पडेल.

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहराची. १९५८-५९ मध्ये लॉसन यांनी तिथल्या क्लार्क मेमोरियल चर्चमध्ये विद्यार्थ्यांसाठी अहिंसेच्या कार्यशाळा घेतल्या. डायन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट ही पुढे गाजलेली मुलं तिथलीच. आधी प्रश्न होता, सुरुवात कुठून करायची? शाळा, नोकऱ्या, घरं, सगळीकडेच अन्याय होता. लॉसन सांगतात की उत्तर कृष्णवर्णीय बायकांकडून आलं. शहरातल्या मोठ्या दुकानांत त्यांचे पैसे चालत, पण तिथल्या लंच काउंटरवर, म्हणजे दुकानातल्याच खाण्याच्या जागी, बसायला मनाई. मुलाचे पाय दुखले तर टेकायला जागा नाही, लघवीला लागली तर न्यायचं कुठे हा प्रश्न. त्यांनी हे बोलून दाखवलं आणि लंच काउंटर हे लक्ष्य ठरलं. आजवर छापलेल्या छायाचित्रांत दिसतात ते विद्यार्थी. या बायका कुठे दिसत नाहीत. त्या सापडतात मुलाखतींतच, आणि माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा गाभा तोच आहे.

मग सराव. कार्यशाळेत मुलं एकमेकांना शिव्या देत, ढकलत, खुर्चीवरून पाडत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. समोरच्याने हात उचलायचा नाही. १३ फेब्रुवारी १९६० ला मुलं काउंटरवर जाऊन बसली, ती एवढी तयारी करून. शहरातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी त्या दुकानांतली खरेदी बंद केली आणि १० मे रोजी काउंटर सगळ्यांना खुले झाले. मधल्या काळात नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तिथे शिकणाऱ्या लॉसन यांना याच कामामुळे काढून टाकलं होतं.

त्याच विद्यापीठाने पुढे एक चांगलं काम केलं. रॉबर्ट पेन वॉरन या लेखकाने १९६४ साली चळवळीतल्या लोकांच्या मुलाखती टेपवर घेतल्या होत्या, त्यांत लॉसनही आहेत. त्या टेपा व्हँडरबिल्टने सगळ्यांसाठी खुल्या केल्या. ही टेप आणि त्यांच्या म्हातारपणीची एखादी मुलाखत पाठोपाठ ऐक. पहिल्या वेळी चळवळ चालू होती, शेवट काय होणार हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. टेनेसीतल्याच मेम्फिस शहराचंही तसंच. तिथल्या सफाई कामगारांच्या १९६८ च्या संपाच्या काळात चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आणि गावातल्या काही लोकांनी लगोलग मुलाखती ध्वनिमुद्रित करायला घेतल्या. अमेरिकन काँग्रेसच्या २००९ च्या कायद्याने सुरू झालेला, चळवळीतल्या लोकांच्या मुलाखतींचा मोठा प्रकल्प याच्या कितीतरी नंतरचा. प्रत्येक मुलाखतीच्या वहीत वरच लिही: घटना कधीची, बोलणं कधीचं.

शब्दांकन वाचून भागवू नकोस. आधी ऐक. माणूस कुठे अडखळला, कुठे बोलणं तोडून दुसरीकडे वळला, हे छापील उताऱ्यात नीटसं राहत नाही. तारीख चुकली तर वर्तमानपत्रावरून दुरुस्त कर, पण तेवढ्यावरून माणसाला खोटं ठरवू नकोस.

आणि एक काम आजच हातात घे. लॉसन जून २०२४ मध्ये ९५ व्या वर्षी गेले. त्यांच्या काळात हिस्लॉपमध्ये शिकलेली माणसं आता नव्वदीच्या घरात असतील. कॉलेजात चौकशी कर, जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत विचार. कोणी भेटलंच तर 'ते किती थोर होते' असं विचारू नकोस. मैदान कुठे होतं, संघात कोण कोण होतं, हरल्यावर ते काय म्हणायचे, कोणाच्या घरी जेवायला जायचे, असं विचार. लेखी संमती घे, सुनेला किंवा नातवाला शेजारी बसू दे, आणि आजोबा गप्प झाले तर घाईने पुढचा प्रश्न टाकू नकोस.

पहिली मुलाखत झाली की शब्दांकन करायच्या आधी ध्वनिमुद्रण मला पाठव.

तुझी,
बाई